दोनदा चौथी

वेसाव्याला माझ्या मैत्रिणीचं माहेर आहे. तिचे वडील सत्तरी ओलांडलेले. उभा जन्म होडीवर गेला. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ओटीवर जाळी सांधत बसतात. मागच्या रविवारी मी मासळी आणायला गेले होते, तेव्हा त्यांना फोनवर एक शर्यत दाखवली. टोकियो ऑलिंपिक, ३० जुलै २०२१, महिलांच्या सिंगल स्कल्सची अंतिम फेरी. सहा बाया, सहा होड्या, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही. काकांनी सुई खाली ठेवली, अख्खी शर्यत एक शब्द न बोलता पाहिली आणि मग विचारलं, "सुकाणूवर कोण हाय?"

मला वाटलं होतं, ते जिंकणारीचं नाव विचारतील. त्यांनी विचारला तो प्रश्न जास्त कामाचा निघाला.

जिंकणारी होती न्यूझीलंडची एमा ट्विग. वय ३४, चौथं ऑलिंपिक. त्याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली होती, म्हणजे पदकाच्या दारात जाऊन दोनदा परत. मला तिचीच गोष्ट सांगायची आहे. पण रोइंग ठाऊक नसेल तर त्या गोष्टीतलं दुखणं कळत नाही, आणि मुंबईत राहणाऱ्याला रोइंग ठाऊक असायचं तसं काही कारण नाही. त्यात आपली वर्तमानपत्रं 'नौकानयन' छापतात आणि तोच शब्द शिडाच्या नौकांनाही लावतात, त्यामुळे निम्म्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. म्हणून इथे रोइंगच म्हणते.

तर, सुकाणूवर कोण? कोणी नाही. सिंगल स्कल्सच्या बोटीला सुकाणूच नसतं. वल्हवणारी पाठमोरी बसलेली असते. बोट जिकडे चालली आहे तिकडे तिची पाठ. पाण्यात बोयांच्या रांगा लावून सहा पट्टे आखलेले असतात. ती बोट सरळ ठेवते एका हाताचा जोर किंचित कमी-जास्त करून, मागे पडत जाणाऱ्या बोयांकडे नजर ठेवून आणि मधूनच मान वळवून. मान वळवली की अंग डोलतं, अंग डोललं की बोट डोलते आणि वेग जातो. म्हणून ती कमीत कमी वळवायची.

होडी वल्हवणाऱ्याला पाठमोरं बसण्याचं नवल नाही. काकांनाही वाटलं नाही. पण होडीत पुढे बघणारा तांडेल असतो. इथे बाई एकटी आहे, शर्यतीत आहे, आणि तिला फक्त तिच्या मागे पडलेल्या दिसतात. पहिली आहे तिला बाकी पाचही बोटी समोर दिसतात. शेवटची आहे तिला कोणीच दिसत नाही, नुसतं पाणी. आणि चौथी? तिला पाचवी आणि सहावी दिसते. ज्या तिघी पदकं घेऊन चालल्या आहेत त्या तिच्या पाठीमागे. कांस्यपदक दोन हातांवर आहे की वीस, हे तिला मान वळवल्याशिवाय कळत नाही, आणि मान वळवली तर ते आणखी एक वीत लांब जातं. ऑलिंपिकमध्ये दोनदा चौथी येण्याचा अर्थ मला हे समजल्यावर लागला.

काकांचा दुसरा प्रश्न पायांबद्दल होता. "वल्हवते हातांनी, मग पाय कशाला मारते गो?"

उलट आहे. ती वल्हवते पायांनी. बोटीत बूट पक्के बसवलेले असतात आणि बैठकीला खाली चाकं असतात. ती रुळांवर मागेपुढे सरकते. गुडघे छातीशी घेऊन, हात लांब करून वल्ह्याची पाती पाण्यात टाकायची आणि मग जमिनीवरून धोंडा उचलावा तसे पाय सरळ करायचे. जोराचा निम्म्याहून अधिक वाटा मांड्यांचा; त्यानंतर कंबर-पाठ उघडते आणि सगळ्यात शेवटी हात ओढतात. मांड्या, पाठ, हात. परत येताना उलट क्रम: हात, पाठ, मांड्या. बस, एवढंच. दोन हजार मीटरच्या शर्यतीत हे सव्वादोनशेच्या आसपास वेळा करायचं, दर वेळी हुबेहूब तसंच.

यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. ती जोर लावत असते तेव्हा बोट सगळ्यात वेगात असेल असं वाटतं ना? नाही. बोटीचा सर्वाधिक वेग असतो पाती पाण्याबाहेर असताना, बैठक सरकवत ती पुढच्या वल्ह्यासाठी परत येत असते तेव्हा. कारण साधं आहे. बाई सत्तर-पंचाहत्तर किलोंची आणि बोट? सिंगल स्कल्सची बोट नियमाप्रमाणे कमीत कमी १४ किलोंची. सगळ्या तेवढ्याच्या आसपास बनवतात. लांबी आठ मीटरच्या वर आणि पाण्यावरची रुंदी जेमतेम फूटभर. अशा हलक्या काडीवर एवढं वजन एका दिशेला सरकलं की काडी दुसऱ्या दिशेला पळते. त्यामुळे परत येणं घाईचं, धसमुसळं झालं तर आधी मिळवलेला वेग ती स्वतःच मारते. चांगली रोअर ओळखायची तर ती ओढते कशी हे बघू नये. परत कशी येते ते बघावं. मांजर जिना उतरतं तशी यायला हवी.

आणि पातं पाण्यात वाकडं शिरलं तर ते अडकतं, दांडा उलटा पोटात बसतो, बोट जागच्या जागी थांबते, कधी माणूस पाण्यात फेकला जातो. रोइंगवाले याला 'क्रॅब' म्हणतात. वल्हं खेकड्याने धरलं. हे ऐकून काका एकदाच हसले.

मी स्वतः पाण्यात नाही, पण मशीनवर बसून बघितलंय. अंधेरीतल्या आमच्या जिमच्या कोपऱ्यात एक रोइंग मशीन आहे. त्यावर बहुतेक वेळा लोकांचे टॉवेल वाळत असतात. समोर छोटा पडदा. त्यावर एक आकडा सतत हलतो: याच वेगाने गेलात तर ५०० मीटरला किती वेळ लागेल. रोअर लोकांचं सगळं बोलणं याच आकड्यात चालतं. मी पहिल्या मिनिटाला २:१५ पाहून खूश झाले. तिसऱ्या मिनिटाला २:४० झालं आणि घशात लोखंडाची चव आली. दोन हजार मीटर संपायला दहा मिनिटांच्या वर लागली, आणि नंतर मी पायऱ्या आजीसारखी कठडा धरून उतरले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ब्रूक मूनीने याच अंतराला मशीनवर ६ मिनिटं २१.१ सेकंद घेतली. म्हणजे तिच्या पडद्यावरचा आकडा सरासरी १:३५. हा आकडा मला एक वेळा ओढतानासुद्धा दिसला नाही.

पाण्यावर साधारण सात मिनिटांची ही मेहनत विचित्र आहे. शंभर मीटर धावणारी श्वास न घेतासुद्धा शर्यत संपवू शकेल. मॅरेथॉनवाली स्वतःला राखून धावते. रोअरला दोन्ही करावं लागतं. सुरुवातीला मिनिटाला चाळीसच्या आसपास वल्ही मारून बोट उठवायची. तेवढ्यात स्नायूंमध्ये लॅक्टेट साचायला लागतं, मांड्या जळायला लागतात, आणि अजून सहा मिनिटं बाकी असतात. पुढचा बराचसा भाग हृदय आणि फुप्फुसं किती ऑक्सिजन पुरवतात यावर चालतो, म्हणूनच या मुलींचा सराव बघितला तर तो बहुतांशी संथ असतो: मिनिटाला १८-२० वल्ही, तास-दीड तास, दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. अशा सरावात बरगडीला बारीक चीर जाणं आणि कंबर धरणं ही या खेळाची नेहमीची दुखणी.

आता वेगाचा हिशोब. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणजे एक टक्का जास्त वेग हवा असेल तर सुमारे तीन टक्के जास्त ताकद लावायची. ट्विगने टोकियोत ७ मिनिटं १३.९७ सेकंद घेतली, ताशी साधारण साडेसोळा किलोमीटर. गर्दीच्या वेळी लिंकिंग रोडवरून जाणाऱ्या बसला ती आरामात मागे टाकेल. पण शेजारच्या पट्ट्यातली बाई एक टक्क्याने वेगवान असली तर अंतिम रेषेवर वीस मीटरचा फरक पडतो, आणि ते वीस मीटर भरून काढायला तीन टक्के ताकद कुठून आणायची? हा प्रश्न आहे एका आख्ख्या हिवाळ्याचा.

बरं, वीस मीटर ही चैन झाली. सिडनी २००० मध्ये याच प्रकारात बेलारूसची एकातेरिना कार्स्टन आणि बल्गेरियाची रुम्याना नेयकोवा यांच्यात एक शतांश सेकंदाचा फरक निघाला. त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे साडेचार सेंटिमीटर. काडेपेटीएवढं. बोटीच्या टोकाला सुरक्षेसाठी एक पांढरा रबरी चेंडू लावलेला असतो. दोन किलोमीटरनंतर तो चेंडू कोणाचा आधी पोचला हे फोटो बघून ठरवावं लागलं. सोनं कार्स्टनचं.

ट्विगचं घर न्यूझीलंडमधल्या नेपियरचं. २००५ मध्ये ती सिंगल स्कल्समध्ये ज्युनियर जगज्जेती झाली आणि पुढे त्याच प्रकारात राहिली. हा निर्णय साधा नाही. रोइंगमध्ये दोघींची, चौघींची, आठ जणींची बोट असते. मोठ्या बोटीत सोबत असते, देशाची पदकाची शक्यता बऱ्याचदा जास्त असते, आणि एखादा दिवस वाईट गेला तर दुसऱ्या कोणीतरी तो ओढून नेतात. पण त्या बोटीत जागा मिळवणं हाही एक छळच आहे. प्रशिक्षक दोन चौकड्यांची शर्यत लावतात. मग बोटी एकमेकींना लावून दोघींची फक्त अदलाबदल करायची आणि तीच शर्यत परत. दुसऱ्या वेळी अंतर कितीने बदललं, तेवढी एक मुलगी दुसरीपेक्षा सरस. कालची मैत्रीण आज तुमच्या जागेवर बसून दोन सेकंद वेगाने गेली की संपलं. सिंगलवाली यातून सुटते. तिची जागा कोणी घेत नाही, आणि दोषही कोणावर ढकलता येत नाही.

मोठ्या बोटींनी काही बायकांना फार लांब पल्ला दिला. रोमानियाच्या एलिसाबेटा लिपाने पहिलं ऑलिंपिक सुवर्ण १९८४ मध्ये घेतलं, पाचवं २००४ मध्ये. मधे वीस वर्षं. ब्रिटनची कॅथरीन ग्रेंजर २०००, २००४, २००८, तिन्ही वेळा रौप्यावर थांबली आणि २०१२ मध्ये डबल स्कल्समध्ये एकदाची जिंकली. ब्रिटनच्याच हेलन ग्लोव्हरने तर वल्हं हातात धरलं तेच एकविसाव्या वर्षी. चार वर्षांनी ती सुवर्णविजेती होती. पुढे तीन मुलांनंतर परत आली आणि पॅरिसमध्ये चौघींच्या बोटीतून रौप्य घेऊन गेली. हा खेळ उशिरा येणाऱ्यांना आणि उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना सांभाळून घेतो. एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे.

ट्विग २००८ ला बीजिंगमध्ये नववी आली. २०१२ ला लंडनमध्ये चौथी. २०१४ मध्ये जगज्जेती. इथे कोणीही म्हणेल, आता दोन वर्षं डोकं खाली घालून सराव कर आणि रिओला जा. तिने २०१५ मध्ये राष्ट्रीय संघातून सुट्टी घेतली आणि क्रीडा व्यवस्थापन शिकायला युरोपात गेली.

याची किंमत समजायला ऑलिंपिकची पात्रता कशी असते ते बघावं लागेल. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत बऱ्याच जागा भरतात. ती जागा खेळाडूच्या नावावर नसते. देशाच्या नावावर असते, म्हणजे बोट पात्र होते. उरलेल्या जागांसाठी खंडांच्या स्पर्धा आणि ऑलिंपिकच्या तोंडावर एक शेवटची पात्रता शर्यत. ट्विग २०१५ च्या जागतिक स्पर्धेत नव्हतीच, आणि तिच्याविना न्यूझीलंडला या प्रकारात जागा मिळाली नाही. त्यामुळे जगज्जेतेपद खिशात असूनही तिला मे २०१६ मध्ये लुसर्नच्या त्या शेवटच्या शर्यतीत, शेवटच्या लोकलला लटकल्यासारखं, शिरावं लागलं. तिथे ती पहिली आली आणि रिओला गेली. रिओत पुन्हा चौथी. कांस्यपदक अर्ध्या सेकंदाच्याही आत हुकलं, म्हणजे दोन मीटरसुद्धा नाहीत. तिच्या स्वतःच्या बोटीच्या पाव लांबीहून कमी.

तिने खेळ सोडला.

त्याच रिओत, त्याच तलावावर आपला दत्तू भोकनळ होता. नाशिक जिल्ह्यात चांदवडजवळचं तळेगाव रोही हे त्याचं गाव, दुष्काळी पट्ट्यातलं. सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात त्याने पहिल्यांदा वल्हं धरलं आणि सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. भारतातून ऑलिंपिकला गेलेले रोअर आजवर सगळे पुरुष आहेत आणि त्यांतले बहुतेक सैन्यातून आलेले. पुण्याच्या सीएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, सैन्याचं रोइंग केंद्र आहे: शांत पाणी, बोटी, प्रशिक्षक, पगार. एकेका बोटीला लाखो रुपये पडतात, घरचं कोण घेऊन देणार? मुलींसाठी तो दरवाजा इतकी वर्षं नव्हता. तरी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी दोघींच्या बोटीत कांस्य घेतलं. त्यांची नावं किती जणांना आठवतात? मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत आठवत नव्हती.

तसं बायकांच्या बाबतीत हा खेळ जगभरच कंजूष होता. पुरुषांचं रोइंग ऑलिंपिकमध्ये १९०० पासून आहे, महिलांचं १९७६ पासून. तेही एक हजार मीटर. पूर्ण दोन हजार बायकांना झेपणार नाहीत अशी समजूत होती. १९८८ च्या सोलपासून अंतर सारखं झालं. पुरुषांच्या आणि महिलांच्या शर्यतींची संख्या सारखी व्हायला टोकियो उजाडावं लागलं. म्हणजे ट्विग जिंकली ते पहिलं ऑलिंपिक, जिथे दोन्हीकडे सात-सात सुवर्णपदकं होती.

२०१८ मध्ये ती परत आली. का आली, हे तिचं तिला ठाऊक. मला एवढं दिसतं की तोवर तिचं जगणं फक्त बोटीवर टांगलेलं राहिलं नव्हतं, आणि बऱ्याचदा अशीच माणसं सैल हाताने वल्हं धरतात. घट्ट मूठ ही रोइंगमधली पहिल्या दिवशीची चूक असते; मनगटं लाकडासारखी होतात आणि पातं पाण्यात नीट वळत नाही. आता याचा आयुष्याशी संबंध जोडायचा मोह होतोय, तो आवरते.

काकांचा तिसरा प्रश्न वाऱ्याचा. "वारा कुठचा होता?"

खरं तर हा पहिला हवा होता. रोइंगमध्ये अधिकृत 'विश्वविक्रम' म्हणत नाहीत. 'सर्वोत्तम वेळ' म्हणतात. मागून वारा असला की वेळा कोसळतात, समोरून असला की त्याच बायका अर्धं मिनिट जास्त घेतात. आडवा वारा सगळ्यात वाईट, कारण तो सहा पट्ट्यांना सारखा लागत नाही. रिओच्या पहिल्याच दिवशी लाटांनी बोट उलटली आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. टोकियोचा रोइंगचा मार्ग तर खाडीतल्या खाऱ्या पाण्याचा. वादळ येतंय म्हणून तिथलंही वेळापत्रक हललं. म्हणून जाणकार वेळेपेक्षा अंतर बघतात. ट्विगने दुसरीला तीन सेकंदांहून अधिक मागे ठेवलं. या खेळात हे फार झालं.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं सांगते. फूटभर रुंदीची ही बोट वेसाव्याच्या समुद्रात पाच मिनिटं तरणार नाही. पवई तलाव आहे, पण तिथे मगरींचा पत्ता आहे. मात्र २०२८ च्या लॉस एंजेलिसला एक नवा प्रकार येतोय: बीच स्प्रिंट. वाळूवरून धावत जायचं, रुंद, दणकट समुद्री बोटीत उडी मारायची, लाटांतून बोयांना वळसे घालत २५० मीटर जायचं, सरळ परत यायचं आणि पुन्हा वाळूवर धावायचं. दोघी-दोघींची लढत, हरली ती बाहेर. कमी वजनाच्या खेळाडूंच्या शर्यती पॅरिसनंतर बंद झाल्या, त्यांच्या जागी हे. यात काकांचे डोळे चमकले. लाट कधी घ्यायची आणि कधी सोडायची हे ज्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, तिथली एखादी पोरगी या प्रकारात उतरली तर तिला अर्धी शिकवणी घरातच मिळेल. कोळीवाड्यात समुद्र पुरुषांचा आणि बाजार बायकांचा अशी जुनी वाटणी आहे. ती मोडायला निमित्त तरी चांगलं.

पॅरिसची शर्यतही त्यांना दाखवली. २०२४, ट्विग ३७ वर्षांची. नेदरलँड्सची कारोलिन फ्लोरिन पहिली, ट्विग सुमारे दोन सेकंदांनी दुसरी. समोर चार बोटी दिसत होत्या, एक पाठीमागे होती.

"ती पहिली परत लाव," काका म्हणाले.

टोकियो परत लावली. आता ते बोटींकडे बघत नव्हते. शेवटच्या पाचशे मीटरला कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो. तोंड उघडं, मान ताठ, नजर सरळ मागे सोडलेल्या पाण्यावर. एकदाही वळून बघत नाही.

"हिला दिसतंय सगळं," ते म्हणाले आणि सुई उचलून जाळ्याचं तुटलेलं घर शोधायला लागले.